दुसऱ्याने बांधलेलं आरव्ही-६ घ्यावं की जुनं सेसना १७२?

आरव्ही-६ म्हणजे किटवरून घरी बांधलेलं दोन आसनी विमान, सेसना १७२ म्हणजे कारखान्यात बनलेलं चार आसनी. दोन्हींच्या जाहिराती शेजारी ठेवल्या तर आरव्ही-६ उजवं दिसतं, यात वाद नाही. १६० अश्वशक्तीचं लायकमिंग ओ-३२० इंजिन दोन्हींत मिळतं; पण तेवढ्याच ताकदीवर १७२ जेमतेम १२० नॉटपर्यंत पोचतं आणि आरव्ही १६०च्या आसपास आरामात जातं. स्टिकवर नुसता दाब दिला की आरव्ही वळायला लागतं. ते एकदा हाताला लागलं की १७२ जड वाटतं, हे मान्यच करायला हवं. अर्थात चौघांना न्यायचं असेल तर प्रश्न तिथेच मिटला.

वरवर पाहता खर्चातही आरव्हीचंच पारडं जड. अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाची दुरुस्ती मालक स्वतः करू शकतो, समोरच्या उपकरणांच्या पॅनेलमध्ये स्वस्तातली नवी स्क्रीन बसवू शकतो. १७२ला प्रत्येक भाग मंजूर असलेलाच लागतो आणि वार्षिक तपासणीला आयए, म्हणजे तपासणीचा खास अधिकार असलेला मेकॅनिक. पण आरव्हीच्या वार्षिक तपासणीवर सही करण्याचा रिपेअरमन दाखला बांधणाऱ्याच्या नावावर असतो. विमान विकलं तरी तो हस्तांतरित होत नाही. म्हणजे दुसऱ्या मालकाला बहुधा दरवर्षी ए अँड पी, म्हणजे सांगाडा आणि इंजिन दोन्हींचा परवाना असलेला मेकॅनिक गाठावा लागतो, आणि अनोळखी माणसाने बांधलेल्या विमानावर सही करायला काही मेकॅनिक सरळ नकार देतात.

इंजिनाची काळजी दोन्हीकडे सारखीच. 'कमी तास उडालेलं' याला भुलू नये. लायकमिंगचा कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, वरच्या बाजूला असतो. विमान उभं राहिलं की त्यावरचं तेल निथळतं आणि गंज धरतो.

माझं घोडं अडलं ते वायरिंगवर. पसंत पडलेल्या आरव्हीची खरेदीपूर्व तपासणी करायला मेकॅनिक सोबत होता. पत्र्याचं काम बघत राहावं असं. रिव्हेटच्या रांगा दोरीत. मग पॅनेल उघडलं. आत सगळ्या वायरी पांढऱ्या, एकीवरही खूण नाही, सगळ्यांचा मिळून एक जाड जुडगा. एका वायरचं टोक टेप गुंडाळून तसंच सोडलेलं. मेकॅनिकने ती बोटाने चाचपत फायरवॉलपर्यंत, म्हणजे इंजिन आणि कॉकपिटमधल्या पडद्यापर्यंत नेली आणि पुढे ती जुडग्यात हरवली. आराखडा मागितला, तर विकणारा तिसरा मालक. बांधणारे गृहस्थ वारलेले, कागद कुठे गेले कुणालाच ठाऊक नाही. हवेत कधी रेडिओ बंद पडला, तर तो का पडला हे सांगणारं जगात कुणीच नाही. आणि ते शोधून काढणारा मेकॅनिक तासावर पैसे घेणार. १७२चं तसं नाही. ४४ हजारांहून जास्त बनली आहेत. वायरिंगची आकृती मॅन्युअलमध्ये असते आणि कुठल्याही हँगरमधल्या माणसाने ते पॅनेल आधी कधीतरी उघडलेलं असतं.

बांधणाऱ्याने मनाने केलेला बदल किती महागात पडू शकतो, हे गायक जॉन डेन्व्हर यांच्या अपघातात दिसलं. १२ ऑक्टोबर १९९७ला ते नुकतंच विकत घेतलेलं, दुसऱ्याने घरी बांधलेलं लाँग-ईझी जातीचं विमान उडवत होते. मूळ आराखड्यात इंधनाची टाकी बदलायचा व्हॉल्व्ह वैमानिकाच्या पायांमध्ये होता. बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागे नेला होता. तिकडे हात न्यायला अख्खं अंग वळवावं लागे. एनटीएसबी या अमेरिकेतल्या अपघात तपास संस्थेने २०११मधल्या घरी बांधलेल्या विमानांच्या २२४ अपघातांचा अभ्यास केला, तेव्हा निम्म्याहून अधिक विमानं अशीच विकत घेतलेली निघाली. त्यांतली १४ तर नव्या मालकाच्या पहिल्याच उड्डाणात. त्यामुळे आरव्ही घेणार असाल तर त्याच मॉडेलवरच्या प्रशिक्षकाबरोबरचे तास किमतीतच धरा. विमा कंपनीही बहुधा ते मागतेच.

मी १७२ घेतलं. हा माझ्यापुरता निर्णय. ज्याला पाना हातात घ्यायची हौस आहे, त्याचं गणित वेगळं निघू शकेल. बांधणारा हयात असेल, फोन उचलत असेल, बांधकामाचे फोटो आणि वायरिंगचा आराखडा फाइलमध्ये लावलेला असेल, तर आरव्हीला मीही नाही म्हणणार नाही. म्हणून विमान बघायला जाण्याआधी फोनवरच आराखड्याची चौकशी करा. 'बघून सांगतो' असं उत्तर आलं, तर मी तरी पुढच्या जाहिरातीकडे वळेन, किंमत कितीही उतरवली तरी.