कायरोप्रॅक्टिकच्या आगाऊ पॅकेजमध्ये झालेली माझी फसवणूक

ज्यांची मान आणि कंबर वर्षानुवर्षे दुखत आहे, त्यांनी कोणत्याही उपचारांचे पैसे आगाऊ भरण्यापूर्वी हा अनुभव वाचावा, एवढ्यासाठीच तो लिहीत आहे. कायरोप्रॅक्टिक, म्हणजे मणक्यांना हातांनी झटके देऊन करण्याचे उपचार, देणाऱ्या एका केंद्राने तपासणीच्या नावाखाली मला नसलेला दोष दाखवला, त्या दोषाची भीती घालून अनेक महिन्यांच्या उपचारांची रक्कम एकरकमी घेतली, आणि मी उपचार थांबवायचे ठरवले तेव्हा करारातील एका कलमावर बोट ठेवून ती जवळजवळ सगळी स्वतःकडेच ठेवली. केंद्राचे नाव येथे देत नाही. हीच वाक्ये आणि हाच क्रम मी नंतर इतर रुग्णांच्या तोंडून ऐकला आहे, त्यामुळे नावापेक्षा पद्धत ओळखता येणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

पहिली तपासणी मोफत होती. मला पालथे झोपवून माझ्या दोन्ही टाचा एकमेकींना लावून धरण्यात आल्या आणि ‘बघा, तुमचा उजवा पाय आखूड पडतो आहे,’ असे सांगून मोबाइलवर काढलेला फोटो दाखवण्यात आला. त्यानंतर मानेला एक हलका झटका दिला, टाचा पुन्हा जुळवल्या, आणि या वेळी त्या अगदी समान दिसल्या. डोळ्यांदेखत घडलेल्या अशा गोष्टीवर कोणाचाही विश्वास बसेल. पालथे झोपलेल्या माणसाच्या टाचांमधील फरक हा त्याचे कमरेचे हाड किंचित कोणत्या बाजूला कलले आहे, धरणाऱ्याने कोणत्या टाचेवर किती जोर दिला आहे आणि बूट पायात कसे बसले आहेत, यावर बदलतो, हे मला एका फिजिओथेरपिस्टनी नंतर स्वतःच्या हातांनी करून दाखवले. त्यांनी मानेला हातही न लावता माझा आधी उजवा आणि मग डावा पाय ‘आखूड’ केला.

खरी पकड बसली ती एक्स-रेमुळे. संगणकाच्या पडद्यावर माझ्या मानेच्या मणक्यांचा फोटो होता, त्यावर माझ्या मानेची लाल रेघ आणि शेजारी ‘आदर्श’ मानेची हिरवी रेघ काढलेली होती. मानेची नैसर्गिक कमान गेली आहे, खालच्या मणक्यांतला गॅप कमी झाला आहे, नस दबत आहे, आणि आज काही केले नाही तर पुढच्या काही वर्षांत हात उचलणेही अवघड होईल, असे मला सांगण्यात आले. ज्याच्या हाताला अधूनमधून मुंग्या येतात, त्याच्यावर या शेवटच्या वाक्याचा काय परिणाम होतो, हे वेगळे सांगायला नको.

या ठिकाणी एक गोष्ट प्रत्येक जुन्या दुखणेकऱ्याला ठाऊक असायला हवी. पाठीची कोणतीही तक्रार नसलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या कण्याच्या स्कॅनवर झालेल्या अभ्यासांचा एक आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात मणक्यांमधील गादी झिजल्याची खूण विशीतल्या ३७ टक्के लोकांमध्ये आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांमध्ये आढळली. यांपैकी कोणालाही दुखत नव्हते. गादी झिजणे हे बरेचसे केस पिकण्यासारखे आहे; ते फोटोत दिसते म्हणून दुखण्याचे कारण तेच ठरत नाही. मानेची कमान सरळ दिसणे हीदेखील निरोगी माणसांमध्ये वारंवार आढळणारी गोष्ट आहे, आणि फोटो काढताना माणूस कसा उभा होता यावर ती पुष्कळ अवलंबून असते.

या ‘कसा उभा होता’मध्येच माझ्या फसवणुकीचा गाभा होता. काही आठवड्यांनी प्रगती दाखवण्यासाठी दुसरा एक्स-रे काढला गेला आणि त्यात मानेची कमान परतलेली दिसली. मी इतकी हरखून गेले की घरच्यांनाही तो फोटो दाखवला. पुढे ते दोन्ही फोटो मी एका अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवले, तेव्हा त्यांनी मणक्यांकडे न पाहता आधी माझ्या जबड्याच्या हाडावर बोट ठेवले. ‘पहिल्या फोटोत तुमची हनुवटी छातीकडे झुकली आहे आणि दुसऱ्यात ती वर उचलली आहे,’ ते म्हणाले. ‘हनुवटी वर केली की मान मागे वाकते, मान मागे वाकली की कमान दिसते. उपचारांचा याच्याशी संबंध जोडता येत नाही, ताई.’ तेव्हा मला आठवले की पहिल्या वेळी तंत्रज्ञाने ‘मान थोडी खाली घ्या’ असे सांगितले होते आणि दुसऱ्या वेळी ‘समोरच्या भिंतीवर वरच्या खुणेकडे बघा’ असे. वेदना तर दोन्ही फोटोंच्या वेळी तेवढीच होती.

मणके ‘सरकतात’, त्यामुळे नसांतून जाणारा संदेश अडतो आणि त्यातून नाना प्रकारचे आजार होतात, ही कल्पना कोठून आली, हेही सांगणे आवश्यक आहे, कारण केंद्राच्या भिंतीवरील तक्त्यात प्रत्येक मणक्यासमोर पचनापासून झोपेपर्यंतच्या तक्रारी मांडलेल्या होत्या. अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट येथे १८९५ साली डॅनियल डेव्हिड पामर यांनी हार्वे लिलार्ड या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबून त्याला पुन्हा ऐकू येऊ लागल्याचा दावा केला, आणि तेथून कायरोप्रॅक्टिक सुरू झाले. ऐकण्याची नस मेंदूतून थेट कानाकडे जाते. पाठीच्या मणक्यांतून ती जातच नाही. अशा सरकलेल्या मणक्यासाठी ‘सबलक्सेशन’ हा शब्द वापरला जातो. ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टर्सचे नियमन करणाऱ्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलनेच २०१० साली स्पष्ट केले की ही एक ऐतिहासिक संकल्पना आहे आणि त्यामुळे आजार होतात असे म्हणायला संशोधनाचा आधार नाही. म्हणजे ज्या दोषासाठी माझ्याकडून पैसे घेतले गेले, तो आजारांचे मूळ आहे असे या व्यवसायाची स्वतःची नियामक संस्थाही म्हणत नाही.

मानेचा कट्‌ असा आवाज झाला की ‘मणका जागेवर बसला’ असे दर वेळी सांगितले जाई. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा झटक्याने ताणला की त्यातील दाब उतरतो आणि वायूची पोकळी तयार होते, त्याचा हा आवाज असतो. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली बोट ओढून सांध्याचा आवाज काढताना एमआरआयमध्ये ही पोकळी तयार होताना टिपली. आवाजावरून हाड हलले, बसले किंवा सुधारले, यांपैकी काहीही सिद्ध होत नाही. झटक्यानंतर मान मोकळी झाल्यासारखी वाटते, हे मात्र खरे आहे. मला तसे वाटत असे, आणि ते मी नाकारणार नाही. पण बहुतेक वेळा रात्रीपर्यंत मान पुन्हा पूर्वीसारखी आखडत असे.

या उपचारांत काहीच तथ्य नाही, असे माझे म्हणणे नाही, आणि कोणी तसा अर्थ काढू नये. जागतिक आरोग्य संघटनेने दीर्घकालीन कंबरदुखीसाठी डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात मणक्यांवर हातांनी करण्याच्या उपचारांना सशर्त पर्याय म्हणून जागा आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१६ च्या सूचनांमध्येही ते आहेत, मात्र व्यायामाला जोड म्हणून, व्यायामाऐवजी नव्हे. माझ्या केंद्रात व्यायाम कोणी शिकवलाच नाही. उलट, त्याच जागतिक आरोग्य संघटनेने कंबरदुखीसाठी टाळावे असे म्हटलेले ट्रॅक्शन, म्हणजे कणा ओढून ताणण्याचा उपचार, मात्र पॅकेजमध्ये मोठ्या अक्षरांत लिहून, वेगळे पैसे लावून मला दिले गेले.

पॅकेज विकण्याची रीत सर्वांनी नीट लक्षात घ्यावी. एक्स-रे दाखवून झाल्यावर त्याच बैठकीत, मनात भीती ताजी असतानाच, तीन रकाने असलेला कागद पुढे केला जातो: एकेक सिटिंगचा दर, छोटे पॅकेज आणि मोठे पॅकेज. मोठ्या पॅकेजवर भरघोस सवलत असते, आणि ती सवलत फक्त त्याच दिवशी मिळते. ‘तुमच्या मिस्टरांनाही घेऊन या, मुलांचे मणकेही लहानपणीच तपासलेले बरे,’ असे मला सांगण्यात आले. एकदा पैसे भरले की पुढे काहीही झाले तरी उपचार योग्यच ठरतात. दुखणे कमी झाले, तर तो ॲडजस्टमेंटचा, म्हणजे मणक्याला दिलेल्या झटक्याचा, गुण. दुखणे वाढले, तर ‘शरीर बरे होताना जुना त्रास वर येतोच.’ आणि दुखणे पूर्ण थांबले, तरी मणके पुन्हा सरकू नयेत म्हणून आयुष्यभर ‘मेंटेनन्स’ घ्यायचा. उपचार अपयशी ठरला असे म्हणता येईल, अशी एकही शक्यता त्यात ठेवलेली नव्हती.

जुन्या दुखण्याचा स्वभावही अशा केंद्रांच्या पथ्यावर पडतो. पाठदुखी चढते आणि उतरते. माणूस उपचारासाठी धावतो तो ती सर्वांत चढलेली असताना, आणि त्यानंतर ती बहुधा काही आठवड्यांत आपोआपही उतरते. त्या उताराचे श्रेय त्या काळात जो कोणी पैसे घेत असेल, त्याला मिळते.

आता परताव्याविषयी, कारण पैशांची फसवणूक नेमकी येथे झाली. माझ्या करारात शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिले होते की रुग्णाने उपचार मध्येच थांबवले, तर झालेली सिटिंग सवलतीच्या दराने न धरता मूळ दराने धरली जातील आणि उरलेली रक्कम परत मिळेल. वाचताना हे कलम निरुपद्रवी वाटते. परंतु पॅकेजमध्ये एका सिटिंगचा दर मूळ दराच्या निम्मा धरला असेल, तर निम्मी सिटिंग होताच तुमची संपूर्ण रक्कम हिशेबात संपलेली असते. त्यावर ‘मोफत’ तपासणीचे आणि दोन्ही एक्स-रेचे शुल्कही माझ्या नावावर टाकले गेले, कारण ते केवळ पॅकेज पूर्ण करणाऱ्यांसाठी मोफत होते. मूळ दर कोणी खरोखर भरत होते का, असे मी स्वागतकक्षातील मुलीला विचारले. ती आवाज खाली आणून म्हणाली, ‘मॅडम, मी आल्यापासून तरी कोणी नाही.’ म्हणजे तो दर घेण्यासाठी नव्हताच. सवलत मोठी दिसावी आणि परतावा लहान व्हावा, या दोनच कामांसाठी तो छापलेला होता.

पैशांहून गंभीर वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. माझ्याकडून भरून घेतलेल्या अर्जात पैसे भरण्याच्या पद्धतीविषयी अर्धे पान होते. परंतु ताप येतो का, वजन उतरले आहे का, पूर्वी कर्करोग झाला आहे का, रात्री आडवे पडल्यावरही दुखणे थांबत नाही का, पायातली ताकद कमी झाली आहे का, लघवीवरचे नियंत्रण गेले आहे का किंवा मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा आला आहे का, यांतील एकही प्रश्न नव्हता. शेवटची तीन लक्षणे एकदम दिसू लागली, तर कण्याच्या खालच्या टोकाशी असलेल्या नसांवर दाब आलेला असू शकतो आणि काही तासांतच रुग्णालय गाठावे लागते. तेथे सिटिंगची वाट पाहणे म्हणजे कायमचे अपंगत्व पत्करणे होय.

मानेला झटका देण्याआधी धोक्याचा एक शब्दही मला कोणी सांगितला नाही. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतूनच वर जातात, आणि मान वेगाने फिरवण्याचा संबंध या धमन्यांचे अस्तर फाटण्याशी आढळला आहे. त्यातून पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. हे क्वचित घडते, आणि मानेला दिलेल्या झटक्यामुळेच अस्तर फाटते की आधीच फाटू लागलेल्या अस्तरामुळे मान दुखते म्हणून माणूस अशा केंद्रात जातो, हे सिद्ध झालेले नाही. तरीही अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ साली म्हटले की हा संबंध उपचारांपूर्वी रुग्णाला सांगितला गेला पाहिजे. मानेला हात लावू देण्यापूर्वी तुम्ही त्याविषयी स्वतः विचारा, आणि नंतर कधीही न झालेली अशी तीव्र डोकेदुखी, दोन-दोन दिसणे, बोलणे अडखळणे किंवा तोल जाणे सुरू झाले, तर केंद्राला फोन न करता थेट तातडीच्या विभागात जा.

मला पैशांपैकी थोडा भाग परत मिळाला, तोही तोंडी विनंत्या सोडून लेखी मागणी केल्यानंतर आणि कार्डाच्या बँकेकडे तक्रार नोंदवल्यानंतर. उपयोगी पडली ती तीन कागदपत्रे: सही केलेला करार, प्रत्येक सिटिंगच्या तारखेची नोंद आणि दोन्ही एक्स-रेच्या मूळ फाइली. केंद्राने आधी मला रंगीत रेघा मारलेले छापील कागद दिले होते, आणि ते मानेपासून वरचा भाग कापून छापलेले असल्यामुळे त्यांत हनुवटी दिसत नव्हती. मूळ फाइली मिळेपर्यंत अस्थिरोगतज्ज्ञही काही खात्रीने सांगू शकले नव्हते. म्हणून तुमचा एक्स-रे जेथे निघेल, तेथून त्याच दिवशी रेघा नसलेली, तारखेसह असलेली मूळ प्रत मागून घ्या, आणि ती देण्यास कोणी टाळाटाळ करू लागले, तर पॅकेजच्या कागदावर सही करू नका.