कोल्हापूर ते वेंगुर्ले, अ‍ॅपच्या गाडीने: साडेतीन तारे, त्यातला एक ड्रायव्हरचा

आधीच सांगते, मी तटस्थ नाही. वेंगुर्ल्यात आमचा दोन खोल्यांचा होमस्टे आहे. नाक्यावरच्या स्टँडचे निम्मे गाडीवाले मला वैनी म्हणतात आणि उरलेल्यांशी नवऱ्याचं काहीतरी नातं निघतं. तरीही मी अ‍ॅपची गाडी केली. का केली आणि पुढे काय झालं, ते लिहिते.

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन कोल्हापुरात झालं. त्यांना घरी आणायला गाडी हवी होती. स्टँडवर फोन केला तर साडेपाच हजार. मुलाने पुण्यात बसून अ‍ॅपवर बघितलं तर ३,४४०. दोन हजारांचा फरक म्हणजे फिजिओथेरपीवाल्याच्या चार फेऱ्या. मुलगा म्हणाला, "आई, विचार काय करतेस?" मी विचार केला नाही.

अकरा वाजताची गाडी. पहिल्या ड्रायव्हरने फोन करून विचारलं, "कुठं जायचंय?" वेंगुर्ले म्हटल्यावर "बरं" म्हणाला आणि दोन मिनिटांत ट्रिप रद्द. दुसऱ्याने फोनही केला नाही, नुसतीच रद्द केली. जुलै २०२५ मध्ये केंद्राने अ‍ॅपवाल्यांसाठी नियमावली काढली. तिच्यात लिहिलंय की योग्य कारणाशिवाय रद्द केलं तर भाड्याच्या १० टक्के दंड, पण जास्तीत जास्त १०० रुपये. १०० रुपयांना आंबोलीचा घाट चुकत असेल तर कोण नाही चुकवणार? तिसरा आला बारा वाजता. तोवर सासूबाई हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये व्हीलचेअरवर, पाय समोर स्टुलावर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऑपरेशनचा खर्च सांगत होत्या.

अ‍ॅपचा एक तारा इथे गेला. अर्धा डिकीने घालवला.

डिकी उघडली तर आत सीएनजीची टाकी. टाकी आणि तिच्यावर एक चटई, बाकी जागा नाही. माझ्याकडे दोन बॅगा, वॉकर आणि कमोडची खुर्ची. अ‍ॅपमध्ये गाडीचा फोटो असतो, नंबर असतो, ड्रायव्हरला किती तारे तेही असतं, पण डिकीत टाकी आहे हे कुठे लिहिलेलं नसतं. पेशंट आणणाऱ्यांनो, गाडी ठरवायच्या आधी ड्रायव्हरला एवढं एक विचारा. शेवटी कमोडची खुर्ची पुढच्या सीटवर बसली. हो, बसलीच. ड्रायव्हरने तिला बेल्टसुद्धा लावला, कारण बेल्ट नसेल तर गाडी टिंग टिंग करते. बॅगा माझ्या पायाशी, वॉकर मांडीवर, आणि सासूबाई मागे आडव्या. कागलच्या पुढे गेलो तरी त्या हसत होत्या, "म्हाराणी पुढे बसली आसा."

ड्रायव्हर तिशीतला, गाडी सांभाळून चालवणारा. निपाणीवरून गेलं की कर्नाटकाचा तुकडा लागतो, तिथे कोणी परमिट विचारलं तर कशाला कटकट, म्हणून पुढे आडवा फाटा घेऊन गारगोटीच्या बाजूने वळला. आजऱ्यापर्यंत रस्ता, गप्पा, एसी, सगळं ठीक. आजऱ्यात चहाला थांबलो तेव्हा त्याचं गणित कळलं. महिन्याला साडेबारा हजार हप्ता. अ‍ॅपची कापणी वेगळी. त्याच नियमावलीत आहे की गाडी स्वतःची असेल तर चालकाला भाड्याचे किमान ८० टक्के मिळायला हवेत. मी विचारलं, मिळतात का? तो हसला. "मावशी, टक्क्याचं सोडा. तुमास्नी सोडून रिकामा आलो तर गॅसचं बी निघत न्हाई. येताना शिटं मिळाली तरच खाणं."

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आंबोलीत धुकं होतं. सप्टेंबरचा पाऊस, पुढचा ट्रक दिसेना, आणि पठ्ठ्या घाटात पहिल्यांदाच उतरत होता. मला कळलं, कारण दर वळणावर त्याचा हात गिअरवर जायचा आणि तसाच थांबायचा. मी म्हटलं, दुसऱ्यातच राहू दे आणि वळणावर हॉर्न दे. आमच्या स्टँडवरची पोरं हा घाट फोनवर बोलत उतरतात. ते चूक आहे, पण उतरतात. ह्या मुलाने फोनला हात लावला नाही, मुलगा पुण्यातून नकाशावर आमचा ठिपका बघत होता, आणि धक्का न लावता त्याने सासूबाईंना घाट उतरवून सावंतवाडीपर्यंत आणलं. वर म्हटलेला एक तारा तो हा. सावंतवाडी सोडल्यावर अर्ध्या-पाऊण तासात घर. वॉकर त्याने स्वतः उघडून लावून दिला. पैसे अ‍ॅपवर दिसले तेवढेच, एक रुपया जास्त मागितला नाही. लगेच पावती आली. स्टँडवर पावती मागितली तर कुठल्यातरी दुकानाच्या कॅलेंडरच्या मागे लिहून मिळते.

आता अंगणातला प्रसंग. त्या दिवशी आमच्याकडचं दादरचं जोडपं संध्याकाळच्या तुतारी एक्स्प्रेसने परत निघालं होतं. तुतारी सावंतवाडीहून सुटते, स्टेशन मळगावला. स्टँडचा दर नऊशे. त्यांनी रिकामी गाडी बघितली, ड्रायव्हरला विचारलं, तो म्हणाला चारशे द्या, मी त्याच वाटेने चाललोय. त्यालाही बरं, त्यांनाही बरं. बॅगा ठेवायला ते पुढची सीट बघत होते, म्हाराणी नुकतीच उतरली होती.

एवढ्यात दोन मोटारसायकली. कोणी कळवलं देव जाणे. आमच्या वाडीत परकी नंबरप्लेट शिरली तर कुत्र्यांच्या आधी माणसांना कळतं. स्टँडचे तिघे. आवाज चढला नाही, हेही लिहायला हवं. एकजण गाडीच्या बॉनेटला टेकून उभा राहिला, एवढंच.

"सोडूक इलंस, सोडलंस, बरा झाला. हयसून उचलूचा नाय."

"अवो, मी तर परतच चाललोय..."

"मगे जा परत. पण रिकामो जा. आमी जातंव तेवा रिकामेच येतंव."

मी मध्ये पडले. म्हटलं, अरे, चारशे रुपयांसाठी काय? तर त्यातला वयाने मोठा, ज्याला आम्ही आबा म्हणतो, तो माझ्याकडे वळला. "वैनी, माझो नंबर दोन दिसांनी लागता. आज माझो नंबर होतो."

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो अ‍ॅपचा मुलगा आणि हा आबा, दोघांचं दुखणं एकच आहे: परतीचं भाडं. स्टँडवाला ते आधीच गिऱ्हाइकाकडून घेतो, म्हणून त्याचे साडेपाच हजार. अ‍ॅप ते घेत नाही, ड्रायव्हरच्या माथी मारतं, म्हणून ३,४४०. स्वस्ताई म्हणतो ती ही. ड्रायव्हर सरबत पिऊन रिकामाच गेला. जोडपं आबाच्या गाडीने गेलं, नऊशे देऊन. आणि चार दिवसांनी माझ्या होमस्टेला तीन तारे मिळाले: "खोली स्वच्छ, माशाची कढी अप्रतिम, पण स्थानिक टॅक्सीची दादागिरी." कढी माझी, दादागिरी त्यांची, तारे माझे गेले.

गोव्यातल्या मोपा विमानतळावरून येणारे पाहुणे तर तिथे उतरल्या-उतरल्याच फोन करतात: ओला-उबर दिसत का नाही? अहो, गोव्यात त्या नाहीतच. तिथे २०१८ पासून सरकारी पाठबळाचं गोवा माइल्स हे टॅक्सीचं अ‍ॅप आहे आणि त्यावरूनही तिथल्या टॅक्सीवाल्यांची भांडणं वर्षानुवर्षं चालू आहेत. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यावर आम्हाला वाटलं, चाळीसेक किलोमीटरवर विमान आलं, आता धंदा वाढणार. वाढला. पण विमानाच्या तिकिटात आणि घरापर्यंतच्या टॅक्सीत काही वेळा फार अंतर राहत नाही, आणि ते ऐकून घ्यायला पाहुण्यांना मीच सापडते.

स्टँडची बाजू घ्यायची तर एक रात्र सांगते. गेल्या वर्षी वीज गेलेली, रात्रीचे दोन, सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं. अ‍ॅप उघडलं असतं तर गोल फिरत राहिलं असतं; वेंगुर्ल्यात दिवसासुद्धा ते फिरतच राहतं. आबाला फोन केला. दहा मिनिटांच्या आत गाडी दारात, अंगात बनियन, मागची सीट आडवी केलेली. थेट बांबोळी, गोव्याच्या सरकारी हॉस्पिटलात. पहाटेपर्यंत तो तिथेच बसून होता. दुसऱ्या दिवशी त्याने साडेतीन हजार सांगितले. पैसे मोजताना मला रडूही येत होतं आणि रागही. दोन्ही गिळलं आणि दिले.

म्हणून स्टँडला किती तारे, ते मला ठरवता येत नाही. रात्री दोनला पाच, दुपारी दोनला दोन.

ज्यांना वेंगुर्ल्याला यायचंय त्यांच्यासाठी: येताना अ‍ॅपची गाडी चालेल, तिला इथे सोडायला कोणी अडवत नाही. जाताना तिच्यावर विसंबू नका. स्टँडवर आदल्या दिवशी जा, दर तोंडी ठरवा, आणि "जाऊन-येऊन की एकेरी" हे स्पष्ट विचारा; उत्तर एकच मिळेल, पण विचारलं की शंभर-दोनशे उतरतात. थांबवून ठेवून परत यायचं असेल तर दर पुष्कळ खाली येतो, कारण मग त्याला परतीची चिंता नसते.

पुढच्या गुरुवारी सासूबाईंना दाखवायला पुन्हा कोल्हापूर. मुलाने परवा फोनवर अ‍ॅपचा दर सांगितला. मी आबाकडे गेले, म्हटलं, जाऊन, चार तास थांबून, परत. तो पाच हजार म्हणाला, मी साडेचार म्हटलं. चार हजार आठशेला ठरलं, दोन्ही वेळचा चहा माझा. डिकी मी आधी उघडून बघितली. मोकळी आहे.