घराजवळचं मल्टिक्युझिन हॉटेल: आठ महिन्यांनंतरचा अनुभव (मुख्यतः कांद्याबद्दल)

गेल्या शनिवारी बिल आलं ८३५ रुपयांचं. त्यात एक ओळ अशी: 'ओनियन लेमन - २ - ८०'. वर त्या ऐंशीवर चार रुपये जीएसटी. म्हणजे नाशिकमध्ये बसून, लासलगावची कांद्याची बाजारपेठ तास-दीड तासावर असताना, मी कच्च्या कांद्याचे ८४ रुपये मोजले. हा लेख त्या रात्रीच लिहायला घेतला होता, पण रागात लिहू नये म्हणून आठवडा थांबलो. राग गेलेला नाही.

हॉटेलचं नाव लिहीत नाही, कारण मला तिथे पुन्हा जेवायचंय. जूनपासूनची एकतीस बिलं माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. "ही कशाला ठेवता?" असं बायको दर महिन्याला विचारते. तर यासाठी.

मेन्यू कार्ड लॅमिनेटेड, चौदा पानी. इडलीपासून सिझलरपर्यंत सगळं. मधे पंजाबी, चायनीज, मालवणी (फक्त शुक्रवार ते रविवार), 'तवा', 'कॉन्टिनेंटल' नावाखाली दोन पास्ते आणि शेजवान डोसा, जो कुठल्या पानावर ठेवावा हे त्यांनाही न कळल्याने दोन पानांवर आहे. एवढं सगळं एका स्वयंपाकघरात कसं होतं हा प्रश्न कुणाला पडत असेल, तर उत्तर सोपं आहे: लाल ग्रेव्ही, पांढरी ग्रेव्ही आणि तपकिरी ग्रेव्ही. कढई, हंडी, कोल्हापुरी, तुफानी ही सगळी त्यांचीच पोरं. व्हेज कोल्हापुरीचा कोल्हापूरशी संबंध फक्त तिखटापुरता.

चांगलं आधी सांगतो. रविवार सकाळची मिसळ उत्तम. काळ्या मसाल्याचा रस्सा, पापड, दही, सगळं नाशिकच्या रीतीनं. नऊच्या आत गेलात तर तर्री खरी असते, नंतर नुसता लाल तवंग. दाल खिचडी कधीच फसली नाही. आणि ज्याला मी पहिले दोन महिने नाकं मुरडली ते गोबी मंचुरियन, त्याबद्दलचं मत बदललंय. मंचुरिया वगैरे काही नाही, १९७५च्या सुमारास मुंबईत क्रिकेट क्लबच्या स्वयंपाकघरात नेल्सन वँग यांनी मूळचं चिकन मंचुरियन काढलं असं सांगतात. एकदा ते मुंबईकर आहे असं धरलं की भज्यांच्या रांगेत ठेवून खाता येतं. कुरकुरीत असतं, सोया सॉसचा मारा नसतो. सिझलर मात्र मागवू नका. धुराचेच ४२० रुपये आहेत.

आता कांदा.

जूनमध्ये आम्ही जायला लागलो तेव्हा टेबलावर बसताच कांदा-लिंबाची प्लेट यायची. न मागता. उन्हाळ कांदा, घट्ट, गोल चकत्या, वर चाट मसाला. मी हॉटेलची पारख यावरूनच करतो. ग्रेव्ही लपवता येते, कांदा लपवता येत नाही. सप्टेंबरात चकत्यांच्या मधोमध हिरवा कोंब दिसायला लागला, म्हणजे चाळीतला, कांदा साठवायच्या शेडमधला, जुना माल. तेही समजू शकतो, चाळीतला कांदा दिवाळीच्या आसपास संपत येतो आणि नवा लाल येईपर्यंत सगळ्यांचीच ओढाताण असते. मग ऑक्टोबरात प्लेटमध्ये कोबी आला. कांद्याच्या दोन चकत्या वर, खाली कोबीचा भारा. त्याच महिन्यात पनीर कढई एकाएकी गोडसर लागायला लागली. लाल ग्रेव्हीत भोपळा गेला असा माझा संशय आहे. भाव चढले की काही ठिकाणी दुधी-भोपळ्यानं ग्रेव्ही वाढवतात, हे हॉटेलात काम केलेल्या भाच्यानं सांगितलेलं.

आणि नोव्हेंबरात मेन्यू कार्डावर पांढरी पट्टी चिकटली: ओनियन लेमन ४०. वेटर म्हणाला, "काका, भाव वाढलेत ना, म्हणून. उतरले की काढणार." ठीक. मीही मान डोलावली.

जानेवारीत लाल आणि रांगडा (त्यामागून येणारा उशिराच्या खरिपाचा कांदा) दोन्ही आले, मंडईत कांदा पंचवीसवर आला. पट्टी तिथेच. हे अगदी कांद्याच्या निर्यातबंदीसारखं झालं: ८ डिसेंबर २०२३ला ती एका रात्रीत लागली, उठायला ४ मे २०२४ उजाडलं. शेतकऱ्याला भाव मिळेना आणि माझी प्लेट मात्र चाळिसालाच. एका प्लेटीत मध्यम आकाराचा एक कांदा, फार तर शंभर ग्रॅम. म्हणजे अडीच रुपये. लिंबाची फोड धरून चार म्हणा. मंडईत या कांद्यावर जीएसटी शून्य. तोच कापून टेबलावर आला की हॉटेलची सेवा, पाच टक्के. कायदा तसाच आहे, भांडून उपयोग नाही, बघून ठेवलंय.

गंमत पुढे आहे. रविवारी सकाळी मिसळीबरोबर हाच कांदा, बारीक चिरलेला, मागाल तितक्या वाट्या फुकट. रात्री चकत्या केल्या की चाळीस. आणि बाराव्या पानावर तळाशी: 'जैन - २० एक्स्ट्रा'. म्हणजे कांदा घेतला तर चाळीस, नको म्हटलं तर वीस! (त्यासाठी वेगळी ग्रेव्ही आणि वेगळं भांडं लागतं, त्यामुळे ते वीस मला पटतात. तरीही.)

हे सगळं मी शनिवारी काउंटरवर शेठना ऐकवलं. ते भांडले नाहीत. "दादा, दोन मिनिटं मागे या," म्हणाले. मोरीजवळ निळा ड्रम होता, अर्ध्याच्या वर भरलेला. चकत्याच चकत्या, काही तर लिंबू पिळलेल्या, न खाल्लेल्या. "हा एका रात्रीचा. फुकट होता तेव्हा दोन व्हायचे," ते म्हणाले. मी म्हटलं, "मग मागेल त्यालाच द्या." "मागितलं तर मिळतंय म्हटल्यावर सगळेच मागतात." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येताना लक्षात आलं, त्या रात्री दुसरी प्लेट आमच्याही टेबलावर अर्धी उरली होती. त्यामुळे इथे मत थोडं सौम्य करतो: दर लावणं चूक नाही, चाळीस चूक आहे. पंधरा लावा. ड्रम पंधरालाही रिकामा राहील.

आईला मात्र हे मान्य नाही. ती निफाड तालुक्यातली, कांद्याच्या घरातली. कांद्याचे पैसे घेतात हे कळल्यापासून ती हॉटेलात यायलाच तयार नव्हती. काल आली. बसली, पिशवीतून रुमालात गुंडाळलेला कांदा काढला, टेबलावर ठेवला आणि बुक्की मारली. एकाच बुक्कीत चार फाकी. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. पाण्याचे पेले हलले, शेजारच्या टेबलावरच्या मुलानं मोबाईल खाली ठेवला. वेटर धावत आला, काउंटरमागच्या पाटीकडे बोट दाखवत म्हणाला, "आज्जी, बाहेरचे पदार्थ चालत नाहीत."

"बाहेरचा कुठाय? निफाडचा आहे."

शेठ हसले आणि हात जोडले. आईनं त्यांनाही एक फाक दिली. त्यांनी उभ्या उभ्या मीठ लावून खाल्ली, "सुरीनं कापलेल्याला ही चव नाही," म्हणाले. आमच्या बिलात कालच्यापुरता कांदा नव्हता, आणि शेवटी बडीशेप दोनदा आली.

रेटिंग देतो: मिसळीला साडेचार, खिचडीला चार, सिझलरला एक, सगळं मिळून साडेतीन. कांद्याचा अर्धा तारा कापलेला आहे.

ताजा कलम: आज सकाळी पार्सल घ्यायला गेलो तर काउंटरवर शेठ नव्या पट्ट्या कापत बसले होते. ओनियन लेमन ४०च. त्याखाली नवी ओळ, 'गावरान बुक्की कांदा - ५०'. आईला अजून सांगितलेलं नाही.