५.५६ सोडून ७.६२: आठ महिन्यांचा अनुभव

बरीच वर्षं ५.५६×४५ ची रायफल वापरली (पहिला आकडा गोळीच्या व्यासाचा, दुसरा पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचाच्या लांबीचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये). गेले आठ महिने हातात ७.६२×५१ ची रायफल आहे. "मोठी गोळी मिळाली, आता काय चिंता" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, आधी ती दिवसभर अंगावर घेऊन चाल, मग बोलू.

५.५६ चं एक काडतूस साधारण १२ ग्रॅमचं, ७.६२×५१ चं त्याच्या दुप्पट. तीसच्या सात मॅगझिन (रायफलला लावायच्या काडतुसांच्या पेट्या) म्हणजे २१० राऊंड, म्हणजेच काडतुसं. ५.५६ मध्ये नुसत्या काडतुसांचं वजन अडीच किलो, तेवढेच राऊंड ७.६२ चे घ्यायचे तर पाच किलो. शिवाय माझ्या मॅगझिनमध्ये वीसच बसतात, म्हणजे मॅगझिनही जास्त लागतात. पाणी कमी करता येत नाही, बॅटऱ्या कमी करता येत नाहीत. शेवटी कात्री लागते ती राऊंडनाच. पहिले काही आठवडे सरावात मॅगझिन मध्येच रिकामी व्हायची, कारण हाताला तीसची सवय होती.

आता धक्का. ५.५६ ची गोळी ४ ग्रॅमची, वेग सेकंदाला ९४० मीटरच्या आसपास. ७.६२ ची साडेनऊ ग्रॅमची, वेग सुमारे ८४०. वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार करून बघा, दुपटीहून जास्त येतो, आणि तो सगळा खांद्यावर उतरतो. सावकाश एकेक फायर केला तर ग्रुपिंग सुंदर येतं, म्हणजे गोळ्या एकमेकींच्या जवळ लागतात, मला त्याबद्दल काहीच तक्रार नाही. खरी परीक्षा दुसऱ्या गोळीची. ५.५६ मध्ये साइटमधून टार्गेट हलत नाही म्हटलं तरी चालेल. इथे ते उडतं आणि परत शोधावं लागतं. बट (रायफलचं मागचं टोक) खांद्यात नीट बसवणं, वजन पुढे टाकणं, हे सगळं नव्याने घोटायला मला तीन महिने लागले. नव्या मुलांचा तर ट्रिगर दाबायच्या आधीच खांदा आक्रसतो, आणि ती खोड एकदा लागली की सुटता सुटत नाही.

पण चारशे मीटरच्या पुढे ही रायफल हातात असली की मन निवांत असतं. नळीतून निघताना ७.६२ ची ऊर्जा सुमारे ३३०० ज्यूल, ५.५६ ची १७५० च्या घरात, आणि लांब गेल्यावरही ७.६२ कडे बरीच शिल्लक राहते. झाडाचं खोड, विटांची भिंत यांच्या आडोशावर फरक डोळ्यांना दिसतो. वाऱ्याने ती कमी ढळते हे खरं, पण लोक सांगतात तेवढी कमी नाही.

५.५६ ची बदनामी होते त्यात आखूड नळीचा वाटा मोठा आहे. त्या गोळीची सगळी मदार वेगावर. नळी कापली की वेग गेला, आणि परिणामाचं अंतरही घटलं. दोष गोळीला मिळतो.

७.६२×३९ बद्दल थोडक्यात, कारण नावामुळे गोंधळ होतो. तीही ७.६२ च, पण काडतूस वेगळं, एकाचं दुसऱ्यात चालत नाही. आठ ग्रॅमची गोळी, वेग ७१५ च्या आसपास. पुंगळी निमुळती असल्याने चेंबरमधून (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेतून) सहज सुटते. तीनशेच्या पुढे मात्र गोळी इतकी खाली पडते की अंतराचा अंदाज जरा चुकला तरी नेम गेला.

५.५६ आणि ७.६२×५१ यांच्यामधला मार्ग शोधणं नवं नाही. १९५० च्या सुमारास ब्रिटिशांनी .२८० इंची मध्यम काडतूस पुढे केलं होतं. अमेरिकेच्या आग्रहाने नेटोने ७.६२×५१ घेतलं, आणि पुढे १९६० च्या दशकात अमेरिका स्वतःच ५.५६ कडे वळली. २०२२ मध्ये त्यांनी ६.८×५१ निवडलं. त्यातला दाब ८०,००० पीएसआयपर्यंत (दर चौरस इंचावर ८०,००० पौंड) जातो, म्हणून पुंगळीचं बूड पोलादी केलंय. मी ते चालवलेलं नाही, पण मॅगझिन पुन्हा वीसचंच आहे, आणि त्याचा अर्थ मला या आठ महिन्यांत चांगला कळलाय.

दहा जणांच्या तुकडीत दोघांकडे ७.६२×५१ हवीच, आणि ते दोघे चांगले नेमबाज हवेत. बाकी आठांना मी डोळे मिटून ५.५६ देईन. मला विचारलं तर मी त्या दोघांत राहीन, आता हात बसलाय.