रनफ्लॅट काढून साधे टायर: झेड४ वर नऊ महिन्यांचा अनुभव

गाडी बीएमडब्ल्यू झेड४, ई८९ पिढीची, घडी होणाऱ्या कडक छपराची. १८ इंची चाकांवर तिचं माप पुढे २२५/४० आर१८ आणि मागे २५५/३५ आर१८. कंपनीने ही गाडी रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे टायर, धरूनच बनवली आहे, त्यामुळे स्टेपनी नाही आणि तिच्यासाठी जागाही नाही. आधीचे रनफ्लॅट झिजल्यावर त्याच मापाचे साधे ट्यूबलेस टायर बसवले. त्याला नऊ महिने झाले, ८,४०० किलोमीटर झाले. निम्मं चालणं पुणे शहरातलं: बाणेर, औंध, विद्यापीठ चौक, नगर रोड. बाकीचं एक्सप्रेसवे, साताऱ्याकडचा महामार्ग आणि ताम्हिणी. टायरच्या कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही, कारण इथे सांगायचा फरक बांधणीचा आहे.

निर्णय आधीच सांगतो. पुण्यात या प्रकारच्या गाडीला साधे टायरच योग्य. मात्र डिकीत पंक्चरचं पूर्ण सामान नसेल आणि ते स्वतःच्या हाताने वापरता येत नसेल, तर रनफ्लॅट काढू नका. ही अट सोडली तर पुढचं सगळं फुकट आहे.

रनफ्लॅटची साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, आतून जाड, उष्णता सोसणाऱ्या रबराने भरलेली असते. हवा पूर्ण गेली तरी गाडीचं वजन ती साइडवॉल पेलते. साधारण हमी अशी की हवा शून्य झाल्यावर ८० च्या वेगाने ८० किलोमीटर जाता येतं. ही मर्यादा उष्णतेमुळे आहे: हवा नसलेली साइडवॉल दर फेऱ्यात दुमडते, तापते आणि आतलं रबर सुटायला लागतं. दोन माणसं, सामान आणि एप्रिलची दुपार असेल तर ८० किलोमीटरचा हिशेब धरू नये, जवळच्या दुकानापर्यंतचाच धरावा.

ती जाड साइडवॉल पंक्चर झाल्यावर कामाला येते, पण त्रास रोज देते. २२५/४० म्हणजे २२५ मिलिमीटर रुंदीच्या ४० टक्के, साइडवॉलची उंची जेमतेम ९० मिलिमीटर. मागच्याचीही तेवढीच. एवढ्याशा उंचीत जो काही लवचीकपणा असतो, तो रनफ्लॅटमध्ये जवळपास संपतो. मग खड्ड्याचा धक्का कोण घेणार? रिम, शॉकअब्सॉर्बर, माउंटिंग आणि शेवटी तुमचा मणका.

पुण्यात हा फरक कुठे कळतो ते नेमकं सांगतो. डांबराचे थर चढत गेले की चेंबरची झाकणं रस्त्यापेक्षा दोन-तीन इंच खाली राहतात आणि त्यांची कड सरळ, धारदार असते. रनफ्लॅटवर ताशी ३० ने त्यात चाक गेलं की आवाज धातूचा येतो. साध्या टायरवर तोच धक्का 'धप्प' असा रबराचा येतो. पेव्हर ब्लॉकचे पट्टे, खोदून अर्धवट बुजवलेले चर, एकापाठोपाठ टाकलेले रंबलर, सगळीकडे हाच अनुभव. सनरूफ किंवा घडीचं छप्पर असलेल्या गाडीत आणखी एक फायदा मिळतो. छपराच्या जोडांमधली कुरकुर बरीच कमी झाली. रबर सील बदलायचा विचार असेल, तर आधी टायर बदलून पाहा.

रिमचा मुद्दा माझ्या मते आरामापेक्षा मोठा आहे. कडक साइडवॉलमुळे धक्का थेट अलॉयच्या आतल्या कडेला बसतो. बाहेरून चाक चकचकीत दिसतं, पण आतली कड वाकलेली असते किंवा तिथे केसासारखी चीर असते. आठवड्याला तीन-चार पीएसआय हवा उतरतेय आणि पंक्चर सापडत नाही, अशी तक्रार असेल तर चाक उतरवून आतली कड साबणाच्या पाण्याने तपासा. थोडी वाकलेली रिम प्रेसवर सरळ होते. चीर गेलेली रिम वेल्डिंग करून देणारे बरेच आहेत. वेगाने चालणाऱ्या गाडीला ती लावू नका, रिम बदला.

साध्या टायरने रिमचा धोका संपत नाही, कमी होतो. कमी हवेवर खड्ड्यात गेलं तर साधा टायर रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात चिमटला जातो, आतले धागे तुटतात आणि साइडवॉलवर फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, मग तो कोणत्याही प्रकारचा असो. म्हणून माप घेताना लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती भार पेलतो ते सांगणारा आकडा, बघा (पुढचं अक्षर वेगाची मर्यादा सांगतं). मूळ टायरवर पुढे ८८डब्ल्यू, मागे ९०डब्ल्यू असतं. त्याच मापात एक्सएल, म्हणजे जादा भाराचा, पुढे ९२वाय आणि मागे ९४वाय मिळतो. तोच घ्यावा. दाराच्या खांबावरच्या स्टिकरपेक्षा एक-दोन पीएसआय जास्त ठेवतो. त्याने रिम वाचते आणि स्टिअरिंगचा पहिला प्रतिसादही परत मिळतो. तो प्रतिसाद बदल केल्यावर किंचित मऊ झालेला जाणवतो, हे मान्य करायला हवं. पहिले तीनशे किलोमीटर गाडी जरा सैल वाटली. नव्या टायरवर साच्यातलं निसरडं आवरण असतं, ते तेवढ्यात निघतं आणि मग वळणात गाडी नीट बसते.

ताम्हिणीत ओल्या रस्त्यावर साधे टायर उजवे ठरले. वळणाच्या मध्यावर डांबर उखडलेलं असेल, तर रनफ्लॅटवर मागचं चाक उडी मारून दोन बोटं बाहेर सरकायचं आणि ट्रॅक्शन कंट्रोलचा (चाक घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागायचा. आता चाक रस्त्याला धरून राहतं. महामार्गावर ट्रकच्या चाकांनी पडलेल्या खाचांत स्टिअरिंग ओढलं जायचं, तेही कमी झालं. एक्सप्रेसवेच्या काँक्रीटवरचा आवाज कमी झाला, पण फार नाही. तिथे रुंद टायर आवाज करणारच.

झीज: नवीन असताना मागच्या टायरच्या नक्षीची खोली ७.४ मिलिमीटर होती, आता ५.७ आहे. कायद्याची मर्यादा १.६, पण पुण्याच्या पावसात मागचे टायर ३ वर आले की बदलावेत. पुढचे-मागचे माप वेगळं असल्याने रोटेशन, म्हणजे पुढच्या-मागच्या टायरची अदलाबदल, होत नाही, मागची जोडी आधी संपते.

आता पंक्चर. नऊ महिन्यांत दोन झाली, दोन्ही मागच्या टायरला, दोन्ही बांधकामाच्या स्क्रूने. साध्या टायरवर पंक्चर झालं की पहिला नियम असा की हवा गेलेल्या टायरवर गाडी ढकलू किंवा चालवू नका. दोनशे-तीनशे मीटरमध्ये साइडवॉल रिमखाली चुरडते आणि पाच मिनिटांत निघणारं पंक्चर नव्या टायरच्या खर्चात जातं. एक्सप्रेसवेच्या कडेला मात्र जीव आधी, टायर नंतर. तिथे धिम्या गतीने सुरक्षित जागेपर्यंत जा, टायर गेला तर गेला.

मागच्या चाकाची अडचण अशी की चाकाच्या वर दोन बोटांचीही जागा नसते, हात जात नाही. पुढचं चाक स्टिअरिंग पूर्ण वळवून बाहेर काढता येतं. मागचं फक्त फिरवूनच बघता येतं. म्हणून आधी इंजिन चालू ठेवून १२ व्होल्टच्या कॉम्प्रेसरने हवा भरा. रिकाम्या टायरला ३२ पीएसआयपर्यंत यायला पाच-सात मिनिटं लागतात. मग गाडी फूटभर पुढे घ्या, टायरवर साबणाचं पाणी फवारा, बुडबुडे शोधा. स्क्रू खालच्या अंगाला किंवा आत असेल तर पुन्हा फूटभर. साधारण घड्याळातल्या तीनच्या जागी स्क्रू आला की काम सोपं होतं. पक्कडीने तो ज्या कोनात शिरलाय त्याच कोनात ओढा. खरबरीत टोच्या त्याच कोनात आठ-दहा वेळा आत-बाहेर करा. सुईत स्ट्रिप (रबराची चिकट पट्टी) ओवून सोल्युशन लावा आणि दोन्ही टोकं दोन सेंटिमीटर बाहेर राहतील एवढी आत ढकला. सुई न फिरवता एका झटक्यात बाहेर खेचा. हळू खेचली तर स्ट्रिपही तिच्याबरोबर बाहेर येते. उरलेली टोकं तीन-चार मिलिमीटर ठेवून कापा, हवा पुरी करा, परत साबणाचं पाणी मारा.

ही दुरुस्ती घरी पोहोचण्यापुरतीच. ताशी शंभरने फिरणाऱ्या टायरला आतून मशरूम पॅच, म्हणजे छिद्रात बसणारा दांडा असलेला पॅच, हवाच. तो लावायला टायर रिमवरून उतरवावा लागतो, म्हणून कोपऱ्यावरचा दुकानदार 'स्ट्रिपच पुरेशी आहे' म्हणतो. ऐकू नका. छिद्र नक्षीच्या मधल्या पट्ट्यात आणि ६ मिलिमीटरच्या आत असेल तरच पॅच. टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी आणि साइडवॉल यांच्यामधल्या कडेवर, किंवा साइडवॉलवर काहीही लावू नये.

डिकीत काय असतं ते एकदाच लिहितो: कॉम्प्रेसर, स्ट्रिप-टोच्या-सुई, सोल्युशन, पक्कड, कटर, दाब मोजायचा मीटर, साबणाच्या पाण्याची बाटली, डोक्याला बांधायचा टॉर्च, हातमोजे आणि सीलंटची एक बाटली. सगळं एका बुटांच्या खोक्यात मावतं. छप्पर उघडल्यावर डिकी १८० लिटरचीच राहते, तरी हे बसतं. सीलंट शेवटचा उपाय आहे: स्क्रू सापडतच नसेल, अंधार असेल, पाऊस असेल तेव्हा. त्याची मुदत बाटलीवर छापलेली असते, ती बघा. वापरल्यावर टायर उतरवून आतून धुवावा लागतो. पंक्चरच्या दुकानात 'जेल भरून घ्या' असा आग्रह होतो, तो मात्र साफ नाकारा. ते जेल एका जागी साचतं, ८० च्या पुढे चाक थरथरतं आणि दाबाचा सेन्सर असेल तर तो बुजतो.

दाबाची सूचना देणारी यंत्रणा नीट चालली पाहिजे. काही गाड्यांत चाकात सेन्सर असतो, काहींत एबीएसच्या सेन्सरवरून चाकाच्या फिरण्याचा वेग बघून अंदाज घेतात. दुसऱ्या प्रकारात टायर बदलल्यावर आणि दर वेळी हवा भरल्यावर रीसेट करावं लागतं, नाहीतर चुकीच्या दाबालाच ती बरोबर समजते. कायद्याची शंका बऱ्याच जणांना असते: २०२० साली केंद्रीय मोटार वाहन नियम बदलले. ट्यूबलेस टायर, दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनी सक्तीची नाही.

बसवतानाच्या दोनच गोष्टी. ठोकून-ताणून टायर चढवणारं दुकान टाळा, मदतीचा हात असलेलं मशीन असेल तिथेच जा. रनफ्लॅटसाठी बनवलेल्या रिमला आत उंच उंचवटा असतो. साधे टायर त्यावर चालतात, पण चढताना घट्ट जातात. आणि चाकाचे बोल्ट गनने कसू देऊ नका. या गाडीला १७ चा पाना आणि १२० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो, शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचा. गाडी खाली असल्याने जॅक आत जात नाही. दोन लाकडी फळ्या टाकून चाकं त्यावर चढवली की जातो.

साध्या टायरचा खरा कच्चा दुवा साइडवॉलचा कट. खड्ड्याच्या कडेने किंवा फुटपाथच्या दगडाने साइडवॉल फाटली तर वरचं सगळं सामान निरुपयोगी. फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेणारा ट्रक, बोलवा, चाकं उचलून ओढणारी क्रेन नको. टोइंगचा हूक टूलकिटमध्ये असतो, बंपरवरचं छोटं झाकण काढून तो पेचात फिरवायचा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर मदतीला १०३३. ताम्हिणीत बऱ्याच पट्ट्यात फोनला रेंज नसते, हे आधीच धरून चला. रनफ्लॅट अशा वेळी बहुधा घरी आणतो आणि त्याचा हा फायदा खोटा नाही. रात्री एकट्याने घाट ओलांडणाऱ्याने, गुडघे-पाठ दुखत असल्याने रस्त्यावर वाकता न येणाऱ्याने, किंवा ज्या घरात गाडी दुसरंही कोणी चालवतं त्या घराने रनफ्लॅटच ठेवावेत. त्यांच्यासाठी आराम दुय्यम आहे. दोन्ही प्रकार मिसळू मात्र नका, एका एक्सलवर तर कधीच नाही.

रनफ्लॅट ठेवणार असाल तर एक तपासणी शिकून घ्या. या टायरमध्ये हवा १५ पीएसआयवर आली तरी बाहेरून तो तसाच ताठ दिसतो. सूचना न दिसल्याने कोणी त्यावर शंभरने गेलं असेल तर तो आतून संपलेला असतो. पंक्चर काढायला टायर उतरवला की दुकानदाराच्या हातून घ्या आणि आत टॉर्च मारा. चांगल्या टायरचं आतलं अस्तर एकसारखं, गुळगुळीत काळं असतं. साइडवॉलच्या मध्यावर गोल फिरणारा मळकट पट्टा दिसला, बोट फिरवल्यावर काळी भुकटी लागली किंवा सुरकुत्या जाणवल्या, तर त्याला पॅच लावायचा नाही. तो टायर बाजूला ठेवा आणि नव्याची ऑर्डर द्या.