जुन्या दगडी होस्टेलात आठ महिने राहिल्यावरचा अनुभव

ऑगस्टमधी एमएला अ‍ॅडमिशन झालं तवा छत्रपती संभाजीनगरला (म्हणजे औरंगाबादला) मराठवाडा विद्यापीठाच्या भागातल्या एका जुन्या होस्टेलात खोली भेटली, आता एप्रिल लागलाय, म्हणून पुढच्या वर्षी येणाऱ्यांसाठी लिहायलोय.

आधी खोलीचं. भिंती दगडी, हातभर जाड, छत उंच, खिडकीतून लेण्यांचा डोंगर दिसतो. मार्चपर्यंत दुपारी कूलरची गरजच पडत नाही, पण एकदा का दगड तापला की रात्री दोन-दोन वाजेपर्यंत भिंत गरम लागते, मग सगळे गाद्या घेऊन गच्चीवर. पाण्याचे हाल आहेत. सकाळी सहाच्या आत बादली भरली नाही तर आंघोळ गेली समजा. मेसची भाजी पातळ असते, आईचा डबा हिंगोलीहून एसटीनं येतो त्या दिवशी भाकरी अन् ठेचा पाच जणांत पुरवायचा, हे इथं न सांगता ठरलेलं आहे.

पण मला खरं सांगायचंय ते दाराबद्दल. आमच्या दाराच्या आतल्या फळीवर खिळ्यानं 'नामांतर' कोरलेलंय. वर रंगाचे किती थर चढलेत, दिसत नाही पटकन, बोट फिरवलं की 'न' चा काना लागतो. विद्यापीठ 1958 चं, त्याला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा, म्हणजे नामांतराचा ठराव 1978 ला झाला अन् नाव लागलं 14 जानेवारी 1994 ला, मधी सोळा वर्षं, त्यावरून झालेल्या दंगलीत कितीतरी घरं जळाली, माणसं गेली. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण झोपायच्या आधी रोज त्याच दाराला कडी लावायची म्हणल्यावर वेगळंच वाटतं.

13 जानेवारीच्या रात्री तर नांदेड, परभणीकडून माणसं यायलीच होती, गेटवर अभिवादनाला. आमच्या खोलीत अकरा जण झोपले. त्यातले एक काका, रिटायर शिक्षक, शिकायला असताना इथंच राहिलेले. त्यांना दार दाखवलं. म्हणले, "मी नाही कोरलं बाळा, पण आमच्या टायमाला एका खोलीत सहा जण राहायचो, कुणीबी असंल." अन् बराच वेळ हात फळीवरच ठेवून उभे राहिले.

ज्याला एकट्याची खोली, बंद दार अन् शांतता पाहिजे त्यानं बाहेर रूम बघावी, खरंच. बाकीच्यांनी या. गादी घरूनच आणा, बादली मोठी घ्या अन् दोन चादरी जास्तीच्या ठेवा, जानेवारीत पाहुण्यांना लागतात.