शाळेच्या आवारातलं कबुतर: ब्राँझचं की संगमरवराचं?

चोचीत ऑलिव्हची डहाळी घेतलेलं, बायबलमधल्या महापुराच्या कथेतलं नोहाचं कबुतर घडवायचं, एवढं शाळेच्या समितीत ठरलंय. अडलंय ते ब्राँझ की संगमरवर यावर.

पहिला प्रश्न आकाराचा. उघडलेले पंख आणि ती बारीक डहाळी ब्राँझला सहज पेलते. संगमरवर ताणाला कच्चा. पंख जाड ठेवा, नाहीतर खाली आधार सोडा. मग ते कबुतर जरा कोंबडीसारखं दिसू लागतं! डहाळी तर पहिल्याच चेंडूला जाईल.

मुलं हात लावणारच. ब्राँझ त्यानं झिजत-झिजत चकाकतं. व्हॅटिकनमधल्या संत पीटरच्या ब्राँझ पुतळ्याचा उजवा पाय भाविकांच्या स्पर्शानं गुळगुळीत झालाय, बोटं ओळखू येत नाहीत. मला ते आवडतं. संगमरवरावर मात्र हातांचं तेल मुरून डाग पडतात, आणि आम्लयुक्त पावसात नक्षी विरघळते.

खर्चात ब्राँझ बहुधा जड जातं: मातीचा नमुना, साचा, मेण, ओतकाम, जोडकाम. पण ते आतून पोकळ असतं. भरीव संगमरवर घनमीटरला सुमारे 2,700 किलो, म्हणजे पाया भक्कम हवा. देखभाल म्हणाल तर ब्राँझला अधूनमधून मेणाचा हात पुरतो.

कबुतर उघड्यावर, मुलांच्या हाताशी बसवायचं तर ब्राँझच घ्या. चॅपेलच्या (प्रार्थनागृहाच्या) आत, छताखाली ठेवायचं असेल तर संगमरवर. पण मग कबुतर सोडून पाय दुमडून बसलेलं कोकरू करा, त्या दगडाला ते शोभतं.